पटकथा अडली? आधी संवाद झाकून बघा

मराठीत पटकथा लिहायला बसणारे आपण बरेच जण एकांकिकेतून येतो. आधी कॉलेजची स्पर्धा, मग शिवाजी मंदिर किंवा साहित्य संघात प्रयोग, आणि एक दिवस अंधेरीत कुणाच्या तरी ऑफिसात पहिलं नॅरेशन, म्हणजे निर्मात्याला तोंडी गोष्ट ऐकवणं. रंगमंचाने आपल्याला कान दिला, ही मोठी कमाई आहे. पण पटकथा अडते तीही बहुतेक वेळा याच कानामुळे. पात्रं सुंदर बोलत राहतात आणि सीनमध्ये काहीच घडत नाही.

ज्याला माहीत आहे त्यालाच सांगणं

नव्या लेखकांच्या संहिता वाचताना हा सीन मला वेगवेगळ्या रूपांत भेटतो. लालबागची चाळ. रिडेव्हलपमेंटच्या संमतिपत्रावर वडिलांची सही हवी आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, १९८२च्या संपात तुमची गिरणी सुटली. आईने खानावळ चालवून आम्हाला शिकवलं. आता तरी तिला चांगल्या घरात राहू द्या." बाबा म्हणतात, "या खोलीत माझं अख्खं आयुष्य गेलंय रे."

लिहिणाऱ्याची तळमळ खरी आहे. पण आईने खानावळ चालवली हे मुलगा बाबांना कशाला सांगेल? त्यांना ते त्याच्याहून जास्त माहीत आहे. ही माहिती प्रेक्षकासाठी पेरलेली आहे, आणि प्रेक्षकाला ते ताबडतोब कळतं.

अशा वेळी संवादांवर कोरा कागद ठेवा आणि उरलेलं वाचा. वरच्या सीनमध्ये उरतात समोरासमोर बसलेली दोन माणसं. आता तोच सीन असा बघा. मुलगा कागद पुढे सरकवतो, पेन देतो. शाई येते का, म्हणून बाबा वर्तमानपत्राच्या कडेला रेघ ओढतात. येते. ते टोपण लावतात आणि पेन स्वतःच्या खिशाला अडकवतात. आई चहा घेऊन येते, तोही पंचवीस माणसांची आमटी मावेल अशा पातेल्यात, तळाशी तिघांपुरता. कप भरून झाले की ती बाबांच्या खिशातलं पेन काढते, कागदावर ठेवते आणि आत जाते.

खानावळ आली, बाबांचा नकार आला आणि आईला काय हवंय हेही पहिल्यांदाच कळलं. मुख्य म्हणजे पेनाने हात बदलले. सुरुवातीला बाप-लेकाचा असलेला सीन संपताना नवरा-बायकोचा झाला. सीन लिहायच्या आधी मी वहीत दोनच ओळी लिहिते: कुणाला काय हवंय, आणि शेवटी पारडं कुठे झुकलं. दुसरी ओळ सुचत नसेल तर तो सीन अजून लिहायच्या लायकीचा झालेला नसतो. मग त्याचे संवाद कितीही घासले तरी फरक पडत नाही.

'तिला माहेरची आठवण येते' हे वाक्यही याच जातीचं. कॅमेऱ्याने नेमकं काय टिपायचं? ती काय उचलते, काय बाजूला सारते, कुणाचा फोन उचलत नाही, ते लिहा.

मध्यंतरानंतर कथा ढेपाळली तर

दुरुस्ती मध्यंतरानंतरच्या पानांत शोधू नका. मी एका संहितेचा उत्तरार्ध दोन महिने फिरवून फिरवून लिहिला. दोष पहिल्या वीस पानांत होता: हरल्यावर नायिकेचं काय जाणार, हे मी कुठेच ठरवलं नव्हतं. जाण्यासारखं काही नसेल तर पुढची संकटं म्हणजे नुसती रांग. योगायोगाचंही तसंच. योगायोगाने नायिका अडचणीत सापडली तर चालतं; योगायोगाने सुटली तर प्रेक्षक हातचा जातो.

एक पान म्हणजे एक मिनिट?

संहितेचं एक पान पडद्यावर एक मिनिट चालतं, हा अंदाज इंग्रजी पानाचा, कुरिअर टाइपच्या १२ पॉइंट अक्षरांचा आहे. देवनागरीत फॉन्ट आणि ओळींमधलं अंतर बदललं की हिशेब कोलमडतो. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून संहिता मोठ्याने वाचा, हालचालींच्या जागी थांबा. आणि फाइल युनिकोडमध्ये लिहून पीडीएफ करूनच पाठवा. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याच्या मोबाईलवर निव्वळ चिन्हं होऊन उघडते.

लोकलमधले सीन जपून लिहा. रेल्वेची परवानगी लागते, शुल्क भरावं लागतं. गोष्टीला लोकलच हवी असेल तर बेधडक लिहा. नुसती मुंबई दाखवायला नको.

तोंडी गोष्ट, रिकामे हात

काही वर्षांपूर्वी एका निर्मात्याला मी दोन तास गोष्ट ऐकवली. पुढे तिच्यातला गाभा दुसरीकडे दिसला तेव्हा माझ्याकडे दाखवायला एकही कागद नव्हता. ते दुःख अजून गेलेलं नाही, म्हणून कळकळीने सांगते. आपल्याकडे नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे स्पष्ट केलं, आणि आपल्या नाटकावरून चित्रपट उचलला म्हणणारे नाटककार तो खटला हरले. त्यामुळे 'एक आयडिया आहे' म्हणत कुणाकडे जाऊ नका. प्रसंग, पात्रं, क्रम असं सगळं लिहून काढा. अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेतलं की संहितेची ऑनलाइन नोंदणी करता येते. ही नोंदणी मालकी देत नाही. त्या तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता, याचा पुरावा देते.

करारात 'सर्व हक्क कायमचे' असं दिसलं तरी घाबरून सही करू नका. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा हक्क लेखकाला निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही. करार वकिलाला दाखवा. आणि नॅरेशन झालं की त्याच संध्याकाळी ई-मेल करा: आज तुम्हाला अमुक नावाची गोष्ट ऐकवली, तिचा सारांश सोबत जोडला आहे.