भिंतीवरचा गोवा: पावसाळ्यातही न वाकणारा भटकंतीचा नकाशा

गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १०५ किमी. १ सेंमीला २ किमी धरले तर नकाशा ५३ सेंमी उंच होतो. त्याला ६० × ४५ सेंमीचा, ६ मिमी वॉटरप्रूफ प्लाय आणि वर ५ मिमी कॉर्क शीट पुरते.

किनारा, मांडवी, झुवारी, तालुक्यांच्या सीमा जाड हँडमेड कागदावर वॉटरप्रूफ शाईनेच काढा. साधी शाई पसरते. फेव्हिकॉलमध्ये चौथाई पाणी मिसळून कागदाच्या पाठीला लावा आणि पाच मिनिटे थांबा. घाई इथेच नडते: ओला कागद फुगतो, आणि फुगायच्या आत चिकटवला तर बुडबुडे येतात. मग कागद कॉर्कवर ठेवून मधून कडांकडे कापडाने दाबत जा. प्लायच्या मागेही तेवढाच कागद हवा, नाहीतर एकाच बाजूच्या ताणाने फळी वाकते.

भटकून आलेल्या जागा दाखवायला टोचायच्या पिना पितळी घ्या. लोखंडी पिना जूनमध्येच गंजून डाग पाडतात. पणजी-म्हापसा-जुने गोवे पट्ट्यात पिनांची दाटी होते. तो भाग खाली डावीकडच्या मोकळ्या समुद्रात १ सेंमीला १ किमी प्रमाणात वेगळा काढा, फार सुंदर दिसतो.

टांगताना मागच्या चारही कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे लावा. भिंतीपासून सेंटीमीटरभर हवा खेळली की बुरशी सहसा धरत नाही.