पॉइंटवर मोठ्या शहरातलं हॉटेल कसं निवडावं: रात्रीच्या गाडीने निघणाऱ्या बेळगावकरांसाठी

हॉटेलच्या पॉइंटवर, म्हणजे साखळी हॉटेलाच्या सभासद खात्यात जमलेले गुण पैशांऐवजी देऊन, राहण्याचे सल्ले हवे तेवढे मिळतात. पण ते देणारा बहुतेक वेळा विमानाने उतरून टॅक्सीने थेट हॉटेल गाठणारा असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या माणसाचं तसं नसतं. आपण रात्रीच्या स्लीपरने किंवा रेल्वेने निघतो, उजाडताना शहरात उतरतो आणि बहुधा कामासाठीच गेलेलो असतो. सरकारी काम बंगळूरला, मोठा दवाखाना मुंबईला, पोरं नोकरीला पुण्याला, अशी आपली तीन दिशांना ओढाताण. त्यामुळे ‘एका पॉइंटला सगळ्यात जास्त पैसे कुठे वसूल होतात’ इथून सुरुवात करणारा सल्ला आपल्या उपयोगाचा नाही. हिशोब करायचा आहेच, पण तो चौथ्या पायरीवर.

आधी ॲप उघडा

पॉइंट किती, कोणत्या साखळीचे (मॅरियट, हिल्टन अशा हॉटेल कंपन्या) आणि बाद कधी होणार ते बघून घ्या. मॅरियट आणि हिल्टनचे पॉइंट 24 महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर जातात. आयएचजी या साखळीच्या साध्या सभासदाचे 12 महिन्यांतच जातात.

सकाळी नऊ वाजता तुम्ही कोणत्या गेटवर उभे असणार?

सगळी अडचण याच पायरीवर होते. मलाही सुरुवातीला हीच पायरी छळायची, कारण ॲपमध्ये ‘मुंबई’ टाकलं की जुहूपासून वाशीपर्यंतची हॉटेलं एकाच यादीत येतात आणि सगळी सारखीच जवळ वाटतात. त्यात नावांचा घोळ. जेडब्ल्यू मॅरियट जुहूला समुद्राकाठी आहे आणि सहारला विमानतळाजवळही आहे. नुसतं ‘जेडब्ल्यू मुंबई’ म्हणून कुणी सांगितलं तर कोणतं, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

म्हणून हॉटेल शोधण्याआधी एका कागदावर दोनच गोष्टी लिहा: कामाच्या जागेचं नेमकं गेट आणि तिथे पोचायची वेळ. भाग नको, शहर तर नकोच. नुसतं ‘टाटा हॉस्पिटल’ लिहून चालत नाही. टाटाचं मुख्य हॉस्पिटल परळला आहे, पण त्यांचंच ‘ॲक्ट्रेक’ हे केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे आणि अनेक पेशंटना तिकडे बोलावतात. अपॉइंटमेंटच्या कागदावर पत्ता छापलेला असतो, तो वाचा. खारघरला बोलावलेल्या माणसाने परळात खोली घेतली, तर आजारी माणसाला रोज खाडी ओलांडून न्यायची पाळी येते. अशा वेळी वाशीचं ‘फोर पॉइंट्स’ नावाचं हॉटेल बघावं. आपल्या बस एक्स्प्रेसवेने येतात, त्यांना नवी मुंबई आधीच लागते, मुंबईत शिरायचीही गरज राहत नाही. परळचंच काम असेल तर आयटीसी ग्रँड सेंट्रल हे हॉटेल डॉ. आंबेडकर रोडवर परळमध्येच आहे. पॉइंट जास्त मागितले तरी पेशंट सोबत असताना मी तिथेच बघेन.

आता नकाशा. इथे लोक सर्रास एक गोष्ट करतात आणि मला त्याचा खरोखर राग येतो: रात्री दहाला जेवण झाल्यावर घरी बसून अंतर बघतात. रात्री दहाला अंधेरी ते परळ काहीच वाटत नाही. नकाशात ‘या वेळेला पोचायचं’ अशी सोय असते. तिथे कामाचा वार टाका, मंगळवार असेल तर मंगळवार, आणि सकाळचे नऊ टाका. मग जो आकडा येईल त्यातला मोठा धरा, छोटा नव्हे. पेशंट, म्हातारं माणूस किंवा व्हिसाची मुलाखत असेल तर माझी मर्यादा अर्धा तास. त्याहून लांबचं हॉटेल कितीही कमी पॉइंटमध्ये मिळू दे, यादीतून काढा.

एवढ्यावर थांबू नका, शेवटचे पाचशे मीटर बोटाने नकाशा मोठा करून बघा. मुंबईत हॉटेल रेल्वेरुळाच्या पूर्वेला आणि काम पश्चिमेला असलं, तर सरळ रेघेत अर्धा किलोमीटर असलेलं ठिकाणसुद्धा पूल शोधत जायला वीस मिनिटं खातं. हॉटेल हायवेला लागून असेल तर गेट कोणत्या बाजूच्या रस्त्याला उघडतं, टॅक्सीला पुढे जाऊन वळसा घालावा लागतो का, चालायला फूटपाथ आहे का, हे रस्त्याच्या फोटोंत दिसतं. त्याला पाच मिनिटं लागतात.

मेट्रोमुळे जुना सल्लाही तपासून घ्यावा लागतो. ‘विमानतळाजवळ राहू नका, अडकाल’ हे मी स्वतः सांगायचो. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईची मेट्रो 3 कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. ती मरोळ नाका, विमानतळ, सहार रोड, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), दादर, वरळी, सीएसएमटी, विधान भवन अशी जाते. अंधेरी पूर्वेला साखळी हॉटेलांची गर्दी आहे आणि तिथे पॉइंट बहुधा दक्षिण मुंबईपेक्षा कमी लागतात. तुमचं काम याच मार्गावर असेल, उदाहरणार्थ बीकेसीतली अमेरिकन वकिलात, आणि हॉटेलपासून स्टेशन चालत गाठता येत असेल, तर सहार-मरोळ आता चांगला पर्याय आहे. जुहूला ही मेट्रो जात नाही. आणि नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाला मेट्रोतून नेण्याचा बेत घरात बसून आखू नका.

पुण्यात आपल्या बस बायपासने येतात: कात्रज, नवले पूल, वारजे, चांदणी चौक, वाकड. काम हिंजवडीला असेल तर वाकडला उतरून तिथलंच हॉटेल घ्या. त्या भागात शनिवार-रविवारी कंपन्यांची माणसं नसतात, त्यामुळे पॉइंट अनेकदा उतरलेले असतात. पोराची कंपनी खराडीला आणि तुम्ही हिंजवडीला, असं मात्र करू नका, ही शहराची दोन टोकं आहेत. विमाननगर, बंड गार्डनकडे जायचं असेल तर चांदणी चौकात उतरून रिक्षाने वनाज स्टेशन गाठा, तिथून रामवाडीपर्यंत थेट मेट्रो आहे.

बंगळूर त्या मानाने सोपं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने येत असाल तर मॅजेस्टिकच्या मुख्य स्टेशनपर्यंत जायच्या आधी यशवंतपूरला उतरता येतं. तिथून मेट्रोच्या ग्रीन लाईनवर पुढचंच स्टेशन सँडल सोप फॅक्टरी, आणि ब्रिगेड गेटवेतलं शेरेटन ग्रँड हॉटेल त्याच्या जवळ आहे. विधानसौधला काम असेल तर मॅजेस्टिकला पर्पल लाईन बदलायची, स्टेशन अगदी विधानसौधसमोरच आहे. व्हाइटफील्डची हॉटेलं पॉइंटला स्वस्त दिसली की मन डळमळतं, पण मॅजेस्टिकपासून ती मेट्रोनेही तासभराच्या अंतरावर आहेत. विषम वर्षांच्या फेब्रुवारीत येलहंकाला एअरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन भरतं, त्या आठवड्यात पॉइंटची खोली मिळेल या भरवशावर काम ठेवू नका.

सहाला उतरणार, खोली तीनला मिळणार

साखळी हॉटेलात चेक-इन दुपारी दोन किंवा तीनला असतं. आपली गाडी पहाटे पाच-सहाला सोडते. मधल्या आठ-नऊ तासांचं काय, हे कुणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्यांना ते तास घालवावे लागत नाहीत. लवकर खोली देणं हा हॉटेलचा चांगुलपणा असतो, सभासदाचा हक्क नसतो. वरच्या दर्जाच्या सभासदालाही सहसा तसं वचन मिळत नाही.

एकटे असाल तर आदल्या दिवशी थेट हॉटेलला फोन करा. साखळीच्या टोल फ्री नंबरला नको, तिथल्या माणसाला त्या हॉटेलातलं काही माहीत नसतं. फोनवर एवढंच बोला: “मी सकाळी साडेसहाला पोचतोय. खोली तयार नसली तर सामान ठेवून जिमच्या शॉवरला अंघोळ करता येईल का?” बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. टॉवेल तेच देतात, कपड्यांचा एक जोड बॅगेत वरच ठेवलेला बरा.

पेशंट किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर मी पॉइंट राखत बसत नाही. आदल्या रात्रीपासून खोली घ्यायची, म्हणजे उतरल्या उतरल्या आडवं होता येतं. मात्र हॉटेलला ईमेल करून कळवा की बुकिंग 10 तारखेचं असलं तरी आम्ही 11 च्या पहाटे येतोय. न कळवल्यास रात्री तुम्ही आलाच नाहीत असं धरून पुढच्या रात्रींचं बुकिंगसुद्धा रद्द होऊ शकतं. उत्तराचा ईमेल मोबाइलमध्ये हाताशी ठेवा.

आता हिशोब करा

इथवर यादीत दोन-तीन हॉटेलं उरली असतील. त्याच तारखेचा सभासदांचा रोख दर बघा, त्यात जीएसटी मिळवा आणि पॉइंटने भागा. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी आहे. म्हणजे 7,400 ची खोली 7,770 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला. ही रेघ लक्षात ठेवा, कारण तिच्या खालची खोली रोखीने घेणंच बहुतेक वेळा परवडतं.

समजा, खोली 7,000 ची आहे आणि 18,000 पॉइंट मागताहेत. करासह 7,350 रुपये, म्हणजे एका पॉइंटला 41 पैसे. मी रोख देईन. दुसरीकडे खोली 14,000 ची आणि पॉइंट 25,000. करासह 16,520, म्हणजे 66 पैसे. इथे पॉइंट वापरावेत. मॅरियटसाठी माझी सीमा 50 पैशांची आहे. हॉटेलची छापील ‘मूळ किंमत’ धरून भागाकार करू नका, तो दर कुणीच भरत नाही.

मॅरियटमध्ये एकाच हॉटेलचे पॉइंट रोज बदलतात, त्यामुळे काम पुढे-मागे सरकवता येत असेल तर अख्ख्या महिन्याचं कॅलेंडर बघा. दवाखान्यासाठी मुक्काम लांबणार असेल तर सलग पाच रात्री एकाच बुकिंगमध्ये घ्या, त्यातली सगळ्यात कमी पॉइंटची रात्र फुकट मिळते. दोन आणि तीन असं तोडून बुक केलं तर मिळत नाही. हिल्टनमध्ये पाचव्या रात्रीची सवलत सिल्व्हर आणि त्यावरच्या दर्जाच्या सभासदांनाच आहे. अकॉर या साखळीचा हिशोब सरळ आहे: 2,000 पॉइंट म्हणजे बिलातून 40 युरो कमी.

खोलीत माणसं किती

बेळगावहून दवाखान्याला दोघं कधी जात नाहीत. पेशंट, त्यांची सौ. आणि धावपळीला मुलगा किंवा जावई, असे तिघं निघतात. पॉइंटची खोली सहसा दोन मोठ्या माणसांची असते. तिसऱ्याच्या बेडचे पैसे रोख घेतात आणि काउंटरवर तो आकडा ऐकून माणूस गप्प होतो. शोधतानाच तीन माणसं टाका, नाहीतर त्याच ईमेलमध्ये बेडचा दर लिहून मागा. नाश्ताही बहुतेक पॉइंट-बुकिंगमध्ये धरलेला नसतो.

आणि बाथरूमचं विचाराच. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला बाथटबची कड ओलांडून आत पाय टाकता येत नाही. एकाच हॉटेलात काही खोल्यांत टब असतो, काहींत सपाट फरशीचा शॉवर. “शॉवरची खोली द्या, आत पकडायला दांडा असेल तर उत्तम,” असं आधी सांगितलं तर देतात. रात्री अकराला मागितली तर शिल्लक नसते.

बुक करताना

क्रेडिट कार्डाचे पॉइंट हॉटेलच्या खात्यात पाठवायचे असतील तर त्या तारखेला खोली दिसतेय हे बघितल्यावरच पाठवा. ते परत फिरत नाहीत आणि काही वेळा पोचायला दिवस लागतात. रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. दवाखान्याच्या तारखा बदलतातच.

परतीची गाडी रात्री नऊ-दहाची असते आणि चेक-आउट दुपारी बाराला. मॅरियटमध्ये गोल्ड दर्जाच्या सभासदाला दुपारी दोनपर्यंत खोली ठेवता येते, तीही उपलब्ध असेल तर. त्यावरच्या प्लॅटिनमला चारपर्यंत हक्काने मिळते, फक्त रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलांत उपलब्ध असेल तरच. बाकीच्यांनी सामान हॉटेलातच ठेवावं आणि बसचा पिकअप हॉटेलपासून जवळचा घ्यावा, दादरला राहून बोरिवलीचा पिकअप घेऊ नये.

खोली पॉइंट ज्याचे त्याच्या नावावर होते. तुम्ही सोबत जाणार नसाल तर आधी फोन करून जाणाऱ्याचं नाव बुकिंगवर चढवून घ्या. त्यांच्या आधारवरचं स्पेलिंग बघूनच नाव सांगा.