भित्तिपत्रक चालू ठेवायचं तर

सोसायटीचं किंवा वाचनालयाचं भित्तिपत्रक काढताना आधी वार पक्का करा. महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार, संध्याकाळी सहा. दर आठवड्याचा मोह आवरा. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण'ही ६ जानेवारी १८३२ रोजी पाक्षिक म्हणून निघालं, साप्ताहिक नंतर झालं. पहिला अंक लावाल त्या दिवशी पुढच्या तीन अंकांचा मजकूर हाताशी हवा. परीक्षा, लग्नसराई, गणपती आले की लिहिणारे अडकतात, तेव्हा ही शिल्लक कामी येते. म्हणून तिच्यात तारखेशी बांधलेलं काही नको. लोणच्याची कृती, आवारातल्या झाडांची ओळख चालेल.

चार बाय तीन फुटांचा सॉफ्टबोर्ड आडवा लावा, मध्य जमिनीपासून पाच फुटांवर. दोन रांगांत ए-४चे दहा कागद बसतात, वर नावाला आणि खाली वाचकांना पट्टी उरते. लोक उभ्यानं, दोन-तीन फुटांवरून वाचतात, तेव्हा अक्षर निदान ८ मिलिमीटर उंच हवं. या मापानं कागदावर जेमतेम १०० शब्द मावतात, म्हणून लेख २०० शब्दांचा. बारीक अक्षरात ५०० कोंबले तर लोक मथळा वाचून लिफ्टमध्ये शिरतात. स्केचपेनची शाई उन्हात उडते. काळ्या पेनानं लिहून त्याची झेरॉक्स लावा, मूळ प्रत फाइलला राहते. पावसाळ्यात कागद वळतो, चारही कोपऱ्यांना पिना हव्यात. पाणीकपातीची नोटीस मात्र या बोर्डावर कधीच नको.

आता खालची पट्टी. वाचक जमतात ते इथेच. कोरा कागद लावा आणि दोरीला पेन्सिल बांधा, कारण भिंतीवर आडवं धरलेलं बॉलपेन दोन ओळींत उमटेनासं होतं. 'आपली मते कळवा' लिहिलंत तर कागद कोराच राहील. एका ओळीत उत्तर देता येईल असं विचारा: 'गेटजवळचा सोनमोहर यंदा पहिल्यांदा कधी फुललेला पाहिलात?' आलेली उत्तरं पुढच्याच अंकात, पहिल्या कागदावर, नावासकट लावा. एक अंकही उशीर नको. आपलं नाव लागलंय का ते बघायला आलेला माणूस शेजारचा लेखही वाचतो. दोघांच्या तारखा जुळल्या नाहीत तर दोन्ही लावा, आणि त्यातल्या एकाला जिन्यातच गाठून विचारा: 'काका, तुमच्या खिडकीतून ते झाड कसं दिसतं, बुधवारपर्यंत शंभर शब्दांत लिहून द्याल?'