सायकलस्वाराला मोटारीने धडक दिल्यास भरपाईचा दावा कसा उभा करावा

सायकल हे मोटार वाहन नसल्यामुळे तिला ना परवाना लागतो, ना विमा. मात्र तिला धडक देणाऱ्या स्कूटरपासून डंपरपर्यंत प्रत्येक वाहनाला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, आणि जखमी सायकलस्वार हाच तो ‘तृतीय पक्ष’, म्हणजे वाहनमालक आणि विमा कंपनी यांच्याखेरीजची तिसरी व्यक्ती होय. म्हणून रस्त्यावरच हातात कोंबलेले दोन-तीन हजार रुपये घेऊन ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून देऊ नये. पायाचे हाड मोडल्याचे पुष्कळदा संध्याकाळी एक्स-रे निघाल्यावरच कळते.

वाहनाचा क्रमांक सर्वांत आधी टिपावा आणि शक्य असल्यास वाहने हलवण्यापूर्वी फोटो काढावेत. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे कलम १३४ नुसार चालकाचेच कर्तव्य आहे. मदतीला धावलेल्या माणसाला कलम १३४-अ चे संरक्षण असल्यामुळे त्याचा फोन नंबर संकोच न करता मागावा. पुढे साक्षीदार म्हणून तोच उपयोगी पडतो. २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेनुसार नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत १.५ लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळतात.

रुग्णालयातील पहिल्या केसपेपरकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. गर्दीच्या वेळी डॉक्टर ‘काय झालं?’ विचारतात, सोबतचा माणूस घाईत ‘सायकलवरून पडले’ म्हणतो आणि कागदावर तेवढेच उतरते. वर्षभराने विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करून विचारतो की मोटार आली कुठून? म्हणून ‘अमुक क्रमांकाच्या वाहनाने मागून धडक दिल्याने पडून जखमी’ अशी नोंद करून घ्यावी आणि प्रकरण एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचे वैद्यकीय प्रकरण) म्हणून नोंदवले गेले की नाही, हे विचारावे. मोडकी सायकलही लगेच दुरुस्तीला टाकू नये. दबलेले मागचे चाक आणि मडगार्डला लागलेला परका रंग धडक कोणत्या बाजूने बसली ते सांगतात, आणि पंचनाम्यात त्यांचा उल्लेख असावा.

एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तरीही कलम १६६ खालील भरपाईचा आपला अर्ज या न्यायाधिकरणात अपघातापासून ६ महिन्यांच्या आत दाखल करावा; या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले असले तरी त्या भरवशावर थांबण्यात शहाणपणा नाही. अपघात नाशिकला झाला आणि जखमी लातूरला राहत असेल, तर अर्ज लातूरलाही करता येतो.

भरपाईत उपचारखर्च, बुडालेली कमाई, वेदना आणि कायमचे अपंगत्व यांचा विचार होतो. कायमच्या अपंगत्वाचा हिशेब असा : ३४ वर्षांचा दूधविक्रेता महिना १५,००० कमावतो, म्हणजे वर्षाला १,८०,०००, स्वयंरोजगारी आणि चाळिशीच्या आतला असल्याने भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवून २,५२,०००, या वयाचा गुणक (वार्षिक कमाईला ज्याने गुणायचे तो ठरलेला आकडा) १६, म्हणजे ४०,३२,०००. कमावण्याची क्षमता २० टक्के घटली असल्यास या मुद्द्याखाली ८,०६,४०० रुपये होतात. येथे दाखल्यावरील अपंगत्वाची टक्केवारी जशीच्या तशी धरली जात नाही. घोट्याचा तोच ताठरपणा बैठे काम करणाऱ्याला कमी आणि दारोदार सायकलने दूध घालणाऱ्याला जास्त नडतो, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते.

‘सायकलवाला अचानक आडवा आला’ हा समोरच्या पक्षाचा ठरलेला बचाव असतो. सायकलस्वाराची काही अंशी चूक सिद्ध झाल्यास भरपाई त्या प्रमाणात कमी होते, पण दावा त्यामुळे बुडत नाही. हेल्मेटची सक्ती करणारे कलम १२९ हे मोटारसायकलस्वारांसाठी आहे, त्यामुळे ते सायकलस्वाराच्या माथी मारता येत नाही. रात्री दिवा नसल्याचा मुद्दा मात्र अडचणीचा ठरू शकतो.

वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर २०२२ च्या योजनेनुसार गंभीर जखमीला ५०,००० आणि मृताच्या वारसांना २ लाख रुपये मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणात नव्हे, तर अपघात झाला त्या भागातील उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे द्यायचा असतो.

वाहन सापडले असेल, तर कलम १६४ खाली कोणाची चूक होती हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये मिळू शकतात. साध्या फ्रॅक्चरसाठी हा मार्ग सोयीचा आहे. पण विमा कंपनीशी तडजोड करून ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालील दावा संपुष्टात येतो, आणि वरच्या दूधविक्रेत्याने तसे केले तर साडेपाच लाखांहून अधिक रकमेवर तो पाणी सोडतो. म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी अपंगत्वाचा दाखला हातात यावा आणि वकिलाने हिशेब मांडून दाखवावा. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना तेथे मोफत वकील मिळतो.