मुलांना अक्षरं शिकवताय? अ ते ज्ञ ची रांग सध्या बाजूला ठेवा

आमच्या नवी मुंबईत ऐरोली-घणसोली साइडला बरीच मुलं इंग्लिश मीडियमला, त्यामुळे एबीसीडी नर्सरीत होऊन जाते आणि मराठी अक्षरांचं बघायचं ते घरीच. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी कंपल्सरी झालंय, म्हणजे आज ना उद्या लागणारच आहे. मग आईबाबा काय करतात, तर चार्ट आणून भिंतीला चिकटवतात आणि अ पासून गिरवायला बसवतात. आता अ बघा जरा, दोन अर्धगोल, मधली आडवी रेघ, उभा दंड, वरची रेघ, एवढं सगळं साडेतीन वर्षांच्या हाताला कसं जमणार?

आधी फक्त ओळख करून द्या, लिहिणं नंतर. आणि ओळखीसाठी चार्टपेक्षा रस्ता भारी. चार्टवर ख खटाऱ्याचा, उ उखळाचा, आता फ्लॅटमधल्या पोराने उखळ कुठे बघायचं. त्यापेक्षा र रिक्षाचा, ब बसचा, व वड्याचा आणि ख खारघरचा. ठाणे-वाशी ट्रेनमध्ये बसलात की स्टेशनचे बोर्ड आहेतच, ऐरोलीचा ऐ, घणसोलीचा घ, रबाळ्यात तर र, ब आणि ळ तिन्ही एकदम. दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षरं बाकी भाषांपेक्षा लहान ठेवायची नाहीत असा नियम २०२२ पासून आहे, त्याचा फायदा घ्या, भाजी आणायला जाताना "आज फक्त म शोधायचा" एवढाच खेळ. एका वेळी एकच अक्षर, आणि पोरगं कंटाळलं की बंद.

लिहायला घेताना क्रम आकाराचा. पूर्वी ग म भ न पासून सुरुवात करायचे ते उगाच नाही, चौघांनाही शेवटी उभा दंड आहे, तो एकदा बसला की डावीकडचा भागच बदलायचा. तसंच व आला की त्याच्या पोटात तिरकी रेघ मारली की ब, उजवीकडे शेपटी दिली की क. प वरून ष आणि फ. र ला व जोडला की ख, फक्त खालून जोडायला शिकवा नाहीतर ते "रव" वाचलं जातं. ट, ठ, ढ एकत्र घ्या, आणि ठाणेकरांनी तर ठ पासूनच सुरू करायला हरकत नाही, छोटी दांडी आणि खाली गोल, साधारण तीन वर्षांचं मूल गोल काढायला लागतंच. अ सावकाश येऊ दे, तो आला की काना देऊन आ, मग ओ, औ, अं अशी सगळी फॅमिली जवळपास फुकटात.

घ-ध आणि म-भ मध्ये गोंधळ होतोच. घ आणि म ची वरची रेघ सलग जाते, ध आणि भ च्या डोक्यावर गाठ असते म्हणून तिथे रेघ तुटते, हे बोटाने गिरवून दाखवा. पण दोन्ही एकाच दिवशी शिकवू नका, एक पक्कं झाल्यावर दुसरं. आणि वरची रेघ सगळा शब्द झाल्यावर शेवटी मारायची. अक्षर उलटं काढलं तर लगेच टेन्शन घेऊ नका, सहा-सात वर्षांपर्यंत हे चालतं.

हाताचं म्हणाल तर आधी ताटात रवा पसरून बोटाने, मग पाटीवर खडूने, वही सगळ्यात शेवटी. खडूचा मुद्दाम छोटा तुकडा द्या, मोठा दिला की मुठीत धरतात, छोटा चिमटीतच धरावा लागतो. पाटी ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात शोधली की मिळते.

नेटवरून वर्कशीट काढणार असाल तर प्रिंट मारायच्या आधी ल आणि श बघून घ्या. बऱ्याच शीट हिंदीच्या असतात, त्यात ल ला उभा दंड असतो आणि ळ तर गायबच. २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल (दोन पाकळ्यांसारखा, उभा दंड नसलेला) आणि देठयुक्त श (डावा भाग छोट्या देठाने वरच्या रेघेला टांगलेला) ठरवून दिलाय, तोच गिरवायला द्या. ळ साठी नेरूळ आहेच.

च चे दोन उच्चार, चिमणीचा वेगळा आणि चुलीचा वेगळा, ते समजावत बसू नका, घरात मराठी बोलत असाल तर पोरं आपोआप बरोबर वाचतात. ङ आणि ञ सध्या सोडून द्या. बाराखडीसाठी सगळी अक्षरं पूर्ण व्हायची वाट बघू नका, ग म भ न र आले की काना द्या, लगेच "मामा", "नाना", "गारा" वाचता येतं, आणि स्वतः वाचलेला पहिला शब्द मामा असला की मामाला फोन लावायलाच लागतो.