५० मिली पाणी + ५० मिली अल्कोहोल = १०० मिली नाही! करून कसं बघायचं

बारावीचा किंवा बीएस्सीचा प्रोजेक्ट शोधताय तर हा प्रयोग घ्याच. पाणी आणि इथेनॉल (म्हणजे हेच अल्कोहोल) समान मापात मिसळलं की मिश्रण आकसतं आणि गरम पण होतं. बहुतेक जण आकसलेलं बघून खूश होतात आणि पुढे जातात, पण रेणू आत काय करतायत ते खरं कळतं त्या गरम होण्यातून, म्हणून थर्मामीटर विसरू नका.

अल्कोहोल कॉलेजच्या लॅबमधलं ऍब्सोल्यूट (जवळजवळ शुद्ध) घ्या. मेडिकलमधलं स्पिरिट किंवा सॅनिटायझर नको, त्यात आधीच पाणी असतं म्हणजे जे आकसायचं-तापायचं ते बरंचसं तिथेच होऊन गेलेलं असतं. मिथेनॉल तर अजिबात नाही, विषारी आहे. बर्नर बंद ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, कारण शुद्ध इथेनॉलची वाफ आपल्या नेहमीच्या रूम टेम्परेचरलाच पेट घेते, आणि भर उन्हाळ्यात ४० टक्के इथेनॉलवाल्या मिश्रणाचीही घेऊ शकते.

दोन्ही बाटल्या तासभर एकाच टेबलावर ठेवा म्हणजे तापमान सारखं होईल, ते लिहून घ्या. मग दोन वेगळ्या सिलिंडरमध्ये ५०-५० मिली मोजा, डोळा खालच्या वक्र रेषेच्या लेव्हलला आणून. आता थर्मोकोलच्या कपात आधी पाणी आणि मग त्यावर अल्कोहोल हळूच ओता आणि दोन सेकंद ढवळू नका, नुसतं बघा. उन्हात तापलेल्या रस्त्यावर हवा हलताना दिसते तशा रेघा आत दिसतील. ढवळलं की बारीक बुडबुडे येतात. ती विरघळलेली हवा असते, मिश्रणात तिला तेवढी जागा राहत नाही म्हणून बाहेर पडते. थर्मामीटर ५ ते ८ अंश वर जाईल, कप नीट असेल तर ७ च्या आसपास.

इथेच घाई होते. गरम असतानाच आकारमान वाचलं तर अर्धा मिली जास्त दिसतं, कारण द्रव फुगलेला असतो. झाकण लावून मिश्रण परत खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग १०० मिलीच्या सिलिंडरमध्ये वाचा, २० अंशाला ९६.४ मिलीच्या जवळपास यायला हवं. सर म्हणतील भांड्याला चिकटून राहिलं असेल, त्यासाठी तोच सगळा प्रकार पाणी ५० + पाणी ५० घेऊन पण करा, जो फरक येईल तो चिकटण्याचा. काटा असेल तर वजनही करा, ते कमी होत नाही (अल्कोहोल उडून गेलं तेवढंच).

आता कारण. खड्यांच्या पोकळीत वाळू बसते तसे छोटे रेणू मोठ्या रेणूंमध्ये बसतात, असं सगळीकडे सांगतात. मला हे अर्धवट वाटतं, कारण वाळू खड्यांत ओतली तर काही गरम होत नाही. उष्णता बाहेर पडते म्हणजे रेणूंमधली ओढ एकूण जास्त घट्ट झाली. इथेनॉलचं ओएच टोक पाण्याशी हायड्रोजन बॉण्ड करतं आणि कार्बनवाल्या शेपटीला पाणी आवडत नाही, त्यामुळे तिच्याभोवतीचे पाण्याचे रेणू वेगळी, जास्त शिस्तीची रचना करतात. २००२ मध्ये न्यूट्रॉनचा झोत सोडून केलेल्या प्रयोगात मिथेनॉल-पाण्याच्या मिश्रणात दिसलं की रेणूंच्या पातळीवर ते नीट मिसळलेलंच नसतं, दोघांचे छोटे छोटे घोळके असतात, आपल्याला मात्र स्वच्छ एकजीव द्रव दिसतो! ओढ घट्ट झाल्याचा अजून एक पुरावा हवा असेल तर बारीक पिपेटमधून तिन्ही द्रव गळू द्या आणि वेळ मोजा, मिश्रण पाण्यापेक्षाही आणि इथेनॉलपेक्षाही हळू गळतं. आवर्त सारणीवाल्या मेंडेलीव्हने १८६५ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध याच मिश्रणावर लिहिला होता, आणि सगळ्यात जास्त आकसणं वजनाने ४६ टक्के इथेनॉलच्या आसपास मिळतं असं त्याला आढळलं होतं.

वेळ उरला तर बर्फ-मीठ मिसळून १०, २० आणि ४० टक्के इथेनॉलच्या टेस्ट ट्यूब त्यात उभ्या करा, सोबत एक साध्या पाण्याची. पाणी आधी गोठेल, मग १० टक्केवालं, २० टक्केवाल्याचा बर्फाच्या गोळ्यासारखा लगदा होईल, ४० टक्केवालं तसंच राहील कारण ते उणे २७ च्या आसपास गोठायला लागतं आणि बर्फ-मीठ तिथवर पोचत नाही.

हे नुसतं प्रोजेक्टपुरतं नाही बरं का. लॅबमध्ये ७० टक्के अल्कोहोल बनवताना ७० मिलीत ३० मिली पाणी घालून मोकळे होतात ना, ते चूक आहे. ऍब्सोल्यूट ७० मिली घ्या, ३० पेक्षा थोडं कमी पाणी घाला, गार होऊ द्या आणि मग १०० च्या खुणेपर्यंत पाणी भरा, एकूण पाणी ३३ मिलीच्या आसपास लागेल. बाटली ९५ टक्क्यांची असेल तर ७० ऐवजी ७३.७ मिली घ्यायचं, बाकी कृती तीच.