गळ टाकायला गेलात आणि जेवण डासांचंच झालं? या चुका टाळा

मागच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. खडकवासल्याच्या बॅकवॉटरला मी आणि मित्र रविवारी दुपारी जाऊन बसलो, बाभळीखाली सावली, गवत गुडघ्याएवढं, पाणी एकदम शांत, म्हटलं यापेक्षा भारी जागा कुठली. साडेपाच वाजले आणि मग जे सुरू झालं ते विचारूच नका. पायाची चाळण झाली. घाईघाईत डासांची क्रीम काढली, कोपरापर्यंत चोपडली आणि त्याच हातानं कणीक मळून गळाला लावत बसलो. दीड तास फ्लोट हलला नाही. पन्नासेक पावलांवर गावातले एक काका साध्या बांबूच्या काठीवर चिलापीमागून चिलापी काढत होते. शेवटी न राहवून त्यांना विचारलं तर म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या त्या कणकेचा वास घेऊन बघा की जरा." घेतला. मेडिकलच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं.

तर पहिली चूक हीच, क्रीमचे हात आमिषाला लावणं. मासा खाणं वासावर शोधतो हे आपल्याला माहीत असतं, तरी डास चावायला लागले की डोकं बंद पडतं. क्रीम घरून निघताना किंवा गाडी लावली की तिथंच लावून टाका, पाण्याकाठी नको. परत लावायची वेळ आली तर मनगटाच्या मागच्या बाजूनं पसरवा नाहीतर सोबतच्याला लावायला सांगा, आणि तळवे माती घेऊन खसाखसा चोळून धुवा, पण धुवायचं बाटलीतल्या पाण्यानं आणि काठापासून लांब. गांडूळ लावणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळायचं.

आणि ज्या स्प्रेमध्ये डीट (डास पळवणारं रसायन) आहे तो नुसता वासाचा प्रश्न नाही, डीट प्लास्टिक खातं. खरंच. मित्राचा गॉगल कडेनं चिकट झाला, रॉडच्या वार्निशवर बोटांचे ठसे कायमचे उमटले, आणि डब्यातले आमिषाचे रबरी मासे एकमेकांना चिकटून एक गोळा झाला होता (त्या गोळ्याचे किती पैसे झाले ते वहिनींना अजून माहीत नाही). साध्या नायलॉनच्या तंगूसला (गळाच्या दोरीला) त्यानं फारसं काही होत नाही, पण रील, घड्याळ, मोबाईलचं कव्हर यांना जपा. पिकारिडिनवालं (हे डास पळवणारं दुसरं रसायन) औषध मिळालं तर ते घ्या, त्यानं प्लास्टिकचं नुकसान होत नाही.

टक्केवारीचा पण एक गैरसमज आहे. जास्त टक्के म्हणजे डास जास्त जोरात पळतात असं लोकांना वाटतं, तसं नसतं, ते जास्त वेळ टिकतं एवढंच. १० टक्के डीट साधारण दोन तास, २४-२५ टक्क्यांचं पाचेक तास, त्यात घाम आला की आणखी कमी. त्यामुळं दुपारी दोनला लावलेल्या हलक्या क्रीमच्या भरवशावर सात वाजता बसायचं नाही. सनस्क्रीन लावत असाल तर आधी सनस्क्रीन, ती मुरली की वरून हे. आणि पँटच्या आत लावू नका, उघड्या अंगावरच लावायचं असतं.

आता जागा. माझ्या मते अर्धी लढाई इथंच हरली जाते. आपण सावली बघून बसतो, डास पण तेच बघतात. डास उडण्यात अगदी कच्चा, जरा वारं असलं की त्याला नीट उतरताच येत नाही. म्हणून झाडोरा सोडा आणि उघड्या काठावर वारं तोंडावर येईल असं बसा, टोपी उडाली तरी चालेल. जुने गळवाले तर म्हणतात की वारं ज्या काठाला लाटा आणतं तिथं मासा पण खायला येतो, म्हणजे दोन्ही कामं झाली. जिथं जलपर्णी साचलीय, डबकं आहे, गुरांच्या खुरांच्या खड्ड्यात पाणी आहे तिथून लांब. पाषाणच्या तळ्याकाठी किंवा मुळा-मुठेला जलपर्णी माजली की आसपासच्या सोसायट्यांमध्ये काय हाल होतात ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, तोच क्युलेक्स जातीचा डास संध्याकाळ ते रात्र चावतो. एडिस जातीचा डास मात्र दिवसा चावतो, सकाळी आणि ऊन उतरताना जास्त, म्हणजे नेमका मासा लागायच्या वेळेला. २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे पेशंट सापडले तेव्हा हाच डास चर्चेत होता, डेंग्यू-चिकनगुनिया पण याचंच काम.

काळा टीशर्ट घालू नका. फिका, सैल, फुल बाह्यांचा शर्ट आणि पँट मोज्यात खोचलेली, दिसायला गबाळं वाटेल पण तिथं बघणार कोण. अंगाला चिकटलेल्या कपड्यातून डास आरामात सोंड घालतो, लेगिंग तर त्याला आडवीच येत नाही. कपड्यांवर मारायचं परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक चालतं, पण ते माशांना जबर विषारी आहे, त्यामुळं ते घरी मारून पूर्ण वाळवूनच घाला आणि पाण्यात उतरायचं असेल त्या दिवशी ते कपडे नकोतच.

कॉइलचं काय? उघड्यावर वारं असेल तर धूर पलीकडच्या काठाला, तुम्हाला फक्त ठसका. मोबाईलमधलं डास पळवणारं आवाजाचं ॲप म्हणजे निव्वळ टाइमपास. सिट्रोनेला तेलाचा वास तासाभरात उडतो. आणि निलगिरीचं तेल चोळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, डासांवर चालतं ते लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून काढलेलं वेगळं औषध, सर्दीला घरात असलेली बाटली नव्हे. ते वेगळं औषध पण तीन वर्षांखालच्या पोरांना नको.

गोवऱ्या, कडुलिंबाचा पाला पेटवायचा असेल तर आधी मान वर करून झाडं आणि डोंगराचे कडे बघा. आग्या मोहोळ असेल तर धूर सोडा, अत्तर सुद्धा नको. किल्ल्यांवर ट्रेकरच्या मागे माश्या लागल्याच्या बातम्या आपण वाचतोच. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात तर आगच नको.

सगळं केलं तरी चावतंय? मग चावतंय काय ते बघा. दिव्याभोवती ढगासारखी घोंगावणारी चिलटं बहुतेक वेळा चावत नाहीत, तोंडात-डोळ्यात जातात एवढंच, तिथं हेडलॅम्प बंद ठेवला की बास. डोळ्याला दिसतील न दिसतील अशी केमरं मात्र आग आग करतात आणि साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आत येतात, त्याला बारीक विणीची जाळी लागते. गोमाशी कापडावरून पण फोडते, तिला क्रीमचं विशेष वाटत नाही, जागा बदलणं बरं. चावलेलं माशाच्या चिकट हातानं खाजवू नका, पिकतं.

गुरं चरतात त्या काठावर गोचीड पण असते. घरी आल्यावर काखेत, जांघेत, कानामागं बघा. चिकटली असेल तर काडीचा चटका, रॉकेल वगैरे नाही, चिमट्यानं कातडीला लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. गवतात बसल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत ताप आला आणि अंगावर कुठं सिगरेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली, न दुखणारी, तर डॉक्टरला ती खपली दाखवा आणि गळ टाकायला गवतात बसलो होतो हे आवर्जून सांगा, ते स्क्रब टायफस (गोचिडीचं नव्हे, गवतातल्या अगदी बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा ताप) असू शकतं आणि साधा व्हायरल समजून नुसत्या क्रोसिनवर काढण्यातला तो ताप नाही.